पेल्याची जागा

“किती वेळा सांगायचं, पेला एकदा ठेवला की ठेवला. हलवायचा नाही म्हणजे नाही. पण ऐकतंय कोण!”

वहिनी अगदी माझ्या कानाशी पुटपुटत होती, पण माझ्याशी बोलत नव्हती. फडक्यांशी, भांड्यांशी, नळाशी बोलायची तिची जुनी सवय आहे. मी शेजारी उभी राहून बशीत खारे दाणे ओतत होते. पेला टेबलाच्या बरोब्बर मधोमध होता. तिनं तो दोन्ही बाजूंनी वितीनं मोजून ठेवला होता. बाटल्यांना जागा करताना कुणीतरी तो बोटभर सरकवला, तर तिनं तो असा अलगद परत आणला, जणू आत कुणी झोपलंय.

खेळ अजून सुरूही झाला नव्हता. एका रिकाम्या पेल्याची एवढी काळजी? तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तसं म्हटलं तर ती पाल सहा महिने चुकचुकतच होती. आमचं काचेचं वर्कशॉप आहे. खिडक्यांच्या काचा, आरसे, तसबिरींच्या चौकटी. काच कापतो माझा मोठा भाऊ, दादा. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मापं आणतो माझा नवरा. मी चौकटी जोडते, आणि त्यांना पॉलिश करणारा जो आहे त्याला आम्ही चकाकी म्हणतो, कारण त्याच्या टकलावर त्याच्या कामापेक्षा जास्त चकाकी आहे. हे त्याचंच म्हणणं. वहिनी दुकानाचा पुढचा भाग सांभाळते. तिनं मला वन्सं म्हणायचं आणि मी तिला अगंतुगं करायचं, हे आमच्या पहिल्याच भांडणात ठरून गेलं, आणि त्यानंतर आम्ही फारशा भांडलो नाही. त्यामुळे ती काही लपवायला लागली की मला लगेच कळतं.

सहा महिन्यांत नऊ काचा चुकल्या होत्या. कधी चार सूत, म्हणजे अर्धा इंच, कमी, कधी दोन सूत जास्त. काच चुकली की दोनच माणसांकडे बोट जातं, मापवाल्याकडे नाहीतर कापवाल्याकडे. आणि दादा म्हणजे दादा. त्याचा हात काचेवरून फिरायचा तेव्हा लोक बोलणं थांबवून बघायचे. “काच डोळ्यानं नाही, कानानं कापायची,” असं तो म्हणायचा. “चरा नीट बसला की काच कुजबुजते. चुकला की ओरडते.” अशा माणसाकडे बोट कोण दाखवणार? मग ते फिरून यायचं माझ्या नवऱ्याकडे. दादा तोंडानं काही बोलायचा नाही. नुसतं “असू दे” म्हणायचा, आणि तेसुद्धा माझ्या नवऱ्याकडे न बघता, त्याच्या कानाच्या बाजूला कुठंतरी बघत.

हे ‘न बघता’ मला फार लागायचं. हल्ली तो माझ्याशीही तसंच बोलायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं.

नवरा घरी आला की मापांची वही उघडून बसायचा. हा माणूस कसा, तर घराला कुलूप लावून चार पायऱ्या उतरतो, परत वर जातो आणि कुलूप ओढून बघतो. तो माप चुकवणार? शेवटी मी न राहवून टेप पर्समध्ये टाकला आणि एका दंतवैद्याकडे गेले. त्याच्या काउंटरची काच चार सूत कमी निघाली होती. दात दाखवायच्या बहाण्यानं गेले आणि डॉक्टर हात धुवायला वळला तेवढ्यात काउंटर मोजून आले. एक दाढही भरून आले, ते वेगळं. माप वहीतल्यासारखंच होतं. सुताचाही फरक नाही.

म्हणजे चूक कापण्यात. आणि दादाच्या हातून काच चुकते, हे काही केल्या माझ्या मनात येईना. तो मुद्दाम चुकवतो, हे मात्र अगदी सहज आलं. का, तेही आलं. वहिनीच्या मावशीचा जावई कुठल्याशा काचेच्या कारखान्यात होता, त्याचं काम सुटलं होतं. आणि गेल्याच आठवड्यात वहिनी मला म्हणाली होती, “वन्सं, सोमवारपासून एक नवा माणूस येतोय हं.” कुठल्या कामाला, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं वही मिटली, फक्त “बरं” म्हणाला आणि खोकला. मनाला लागलं की तो खोकतो. औषधानं न जाणारा खोकला आहे तो.

आणि आता रविवारची दुपार होती, सोमवार उद्यावर आला होता, आणि वर्कशॉपला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही सगळे हसत होतो.

खेळ आणला होता दादाच्या मुलीनं. ती शिकायला बाहेरगावी असते, चार दिवसांसाठी आली होती. तिनं आधी काच कापायच्या मोठ्या टेबलावर नाणं आपटून बघितलं. त्यावर जाड लोकर अंथरलेली, नाणं बसलं ते उठेचना.

“इथं नाही उडायचं, आत्या. कडक काहीतरी हवं.”

“कडक हवं तर तुझ्या आईला विचार,” चकाकी म्हणाला.

कडक म्हणून मग भिंतीला टेकवलेली तीच काच काढली, दंतवैद्याची. भट्टीत कडक करून आणलेली काच, तिला नंतर कापता येत नाही, घासता येत नाही, चुकली की फुकट. ती मागच्या लाकडी टेबलावर आडवी ठेवली. नवऱ्यानं तिचा एक कोपरा धरला होता. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

“ऐका आता,” पुतणी खुर्चीवर चढून म्हणाली. “मधे हा छोटा पेला. त्यात दोन बोटं बिअर. नाणं अंगठा आणि पहिल्या बोटात असं चपटं धरायचं. टेबलावर आपटायचं. एकच टप्पा. टप्पा घेऊन पेल्यात पडलं, तर तुम्ही ज्याला म्हणाल त्यानं पेला रिकामा करायचा.”

“नाण्यासकट?” चकाकीनं विचारलं.

“नाणं दातात अडवायचं. गिळलंत तर तुमचं तुम्ही निस्तरा. आणि ज्याला प्यायला लावायचं त्याच्याकडे बोट नाही दाखवायचं, कोपर दाखवायचं. बोट दाखवलं तर स्वतः प्यायचं.”

“का बरं?”

“असंच. नियम आहे. नाणं नाही पडलं तर डावीकडच्याला द्यायचं. पडत राहिलं तर खेळत राहायचं. आणि लागोपाठ तीनदा पडलं, तर तुम्ही एक नवा नियम करायचा, आणि तो सगळ्यांनी पाळायचा. मोडला की प्यायचं.”

“हे बरं आहे,” वहिनी म्हणाली. “आमच्या घरी तीनदा न पाडताच नियम करतात.”

सगळे हसले. दादासुद्धा हसला. तो टेबलाच्या एका बाजूला मधोमध बसला होता, वहिनी त्याला अगदी खेटून. लग्नाच्या फोटोतसुद्धा ही दोघं एवढी जवळ उभी नव्हती.

पहिला डाव चकाकीचा. त्याचं नाणं पेल्यावरून उडून दाण्यांच्या बशीत गेलं. “चला, खायला तर मिळालं.” मग मी. माझं नाणं पेल्याच्या काठावर आपटलं, विचार केल्यासारखं थांबलं आणि बाहेर पडलं. मग पुतणीनं एकदा पाडलं आणि मला प्यायला लावलं. बिअर कोमट होती आणि नाण्याची चव लोखंडी जिन्याच्या कठड्यासारखी. तिचं दुसरं चुकलं. मग नवरा. त्यानं नाणं तीन वेळा नेम धरून खाली ठेवलं, परत धरलं.

“काका, माप घेऊन झालं असेल तर टाका आता,” पुतणी म्हणाली.

ती बिचारी सहज बोलली. टेबलावर मात्र कुणीतरी ओलं फडकं टाकल्यासारखं झालं. नवरा खोकला. नाणं कुठच्या कुठं गेलं.

मग दादा. त्यानं नाणं बोटात फिरवलं, अंगठ्यानं त्याची कड चाचपली. वहिनीनं चमचा उचलला आणि पेल्यावर हलकेच वाजवला. टिंग.

“शकुन,” ती म्हणाली.

दादानं मान जराशी कलती केली आणि नाणं आपटलं. टप्पा, आणि थेट आत. पुतणी किंचाळली. दादानं कोपर वळवलं, माझ्या नवऱ्याकडे. नवरा प्यायला.

टिंग. पुन्हा आत. पुन्हा कोपर माझ्या नवऱ्याकडे.

टिंग. तिसऱ्यांदा आत. आणि कोपर? सांगायलाच नको.

“बाबा, अहो काकांच्याच का मागे लागलाय?”

“त्यांचा खोकला जाईल,” दादा म्हणाला, आणि हसला. नवऱ्याच्या कानाच्या बाजूला बघून.

माझ्या हातातले दाणे मी एकेक करून चिरडत होते. म्हणजे आता खेळातसुद्धा! उद्या कामावरून काढायचं, आणि आज पाजून त्याची गंमत करायची. आणि माझा नवरा पेला तोंडाला लावून, नाणं दातात धरून, हसत बसलाय.

“तीन झाले. नियम कर,” चकाकी म्हणाला.

दादाला विचार करावाच लागला नाही. “कुणाचाही डाव असू दे, टाकायच्या आधी पेला वाजवायचा. आणि पेला प्यायला उचलला तर परत जागेवर ठेवायचा. मधोमध.”

“हे काय नियम झाले का?” पुतणी कुरकुरली. “आमच्याकडे लोक एका पायावर उभं राहायला लावतात.”

“मधोमध,” वहिनी म्हणाली. वहिनीनं हे जरा लवकरच म्हटलं.

मला कळलं. म्हणजे, मला वाटलं की कळलं. ही दोघं ठरवून खेळताहेत. पेला ठरलेल्या जागी, चमचा ठरलेल्या वेळी. काल दुपारी दुकान बंद असताना आतून टिंगटिंग ऐकू येत होतं, ते मला आठवलं. मी दार ढकललं होतं तर ते आतून लावलेलं होतं. सराव करत होते तर! पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं, दाराला कडी लावून, पोरांच्या खेळात फसवायचा सराव करतात. आणि जो पोरखेळात फसवतो, त्यानं काच चुकवली तर त्यात नवल काय?

खेळ फिरत राहिला. चकाकीचं एकदा पडलं, त्यानं स्वतःकडेच कोपर वळवलं. हे करता येतं का, यावर वाद झाला. माझंही एकदा पडलं, मी वहिनीला पाजलं. तिनं पेला पिऊन, भरून, वितीनं मोजून मधोमध ठेवला. दादाचा डाव आला की टिंग, आणि आत. कोपर नवऱ्याकडे. खोकला. टिंग, आत, कोपर.

मग बाटली संपली आणि वहिनी पुढच्या खोलीतल्या फ्रिजकडे गेली. जाताना दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “मी येईपर्यंत थांबा.”

“आता आईशिवाय खेळणारही नाही का बाबा?” पुतणी म्हणाली. “टाका हो! नेहमी काय तिचाच शकुन!”

“थांबतो की,” दादा म्हणाला.

“थांबायचं नाही. नियम!”

“मी वाजवते ना,” मी म्हणाले.

चमचा मी उचलला. पेला जागेवर होता. मी वाजवला. टिंग. दादानं मान कलती केली, नाणं बोटात फिरवलं. आणि तेवढ्यात मी दुसऱ्या हातानं पेला उचलला आणि आवाज न करता वीतभर अलीकडे, माझ्यापाशी आणून ठेवला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मला बघायचं होतं तो चिडतो का. सरावाचा खेळ बिघडला की फसवणारा माणूस चिडतो. तो म्हणेल, “अगं, पेला का हलवलास?” आणि मग मी म्हणेन, “का? मधोमधच हवा का तुला?” आणि मग जे काय बोलायचं ते सगळं बोलून टाकेन, काउंटरचं, टेपचं, माझ्या दाढेचं.

त्यानं नाणं टाकलं.

फार सुंदर टाकलं. एक टप्पा, छोटी कमान, आणि नाणं बरोब्बर तिथं पडलं जिथं पेला नव्हता. उघड्या काचेवर. दोनदा ठणकलं, कडेवर उभं राहिलं, घरंगळत टेबलाच्या टोकाला गेलं आणि खाली फरशीवर पडून बराच वेळ गोल गोल वाजत राहिलं.

दादाचं कोपर माझ्या नवऱ्याकडे वळायला निघालं होतं. ते अर्ध्यात थांबलं. तो समोर बघत होता, पेला जिथं असायला हवा होता तिथं. मग त्यानं मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे, कोंबडा दाणा बघतो तशी. पेला त्याच्यापासून हातभर अंतरावर, माझ्या बोटांपाशी होता. पारदर्शक काचेवर पारदर्शक पेला.

कुणी हसलं नाही. मी चकाकीकडे बघितलं, तर तो बाटलीवरचं लेबल नखानं खरवडत होता. आणि मला कळलं की त्याला आश्चर्य वाटलेलं नाही.

तेव्हा ते सगळं आलं, एकामागून एक, न बोलावलेल्या पाहुण्यांसारखं. दादानं परवा चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर, हवेत ठेवला होता. फुटला. मी तुकडे गोळा केले आणि म्हणाले, “लक्ष कुठं असतं रे तुझं?” हल्ली तो चरा ओढण्याआधी काचेवरून तळवा फिरवायचा, धूळ पुसल्यासारखा. काच तर स्वच्छ असायची. चौकटीत न बसणाऱ्या कितीतरी काचा मी कुणाला न सांगता स्वतः चौकट बदलून बसवल्या होत्या. का सांगितलं नव्हतं? दादाच्या बाजूनं बघावं तर भाऊ, नवऱ्याच्या बाजूनं बघावं तर नवरा. म्हणून मी कुठंच बघितलं नव्हतं. आणि त्याचा तो न भिडणारा डोळा. तो कानाच्या बाजूला बघत नव्हता. कदाचित तिथूनच त्याला आम्ही थोडेफार दिसत होतो.

कोपर माझ्या नवऱ्याकडे का वळायचं, तेही आलं. टेबलावर तो एकटाच असा होता जो सतत खोकून आपली जागा सांगत होता.

“वाऱ्यानं सरकला वाटतं,” चकाकी म्हणाला. खिडक्या बंद होत्या. काचेच्या वर्कशॉपमध्ये त्या नेहमीच बंद असतात.

“मी सरकवला,” माझा नवरा म्हणाला. “चुकून. धक्का लागला माझा. माझाच दोष.”

इतक्या सहज म्हणाला तो. सवय असल्यासारखा. मी त्याच्याकडे वळून बघितलं आणि मला त्या सगळ्या नऊ काचा दिसल्या. नऊच्या नऊ वेळा हा माणूस असाच म्हणाला होता, “माझं चुकलं असेल.” मी त्याला घरी जाऊन बोलले होते, भांडत का नाही म्हणून, तोंडात काय मिठाची गुळणी धरली आहे का म्हणून. तो वही उघडून बसायचा ती चूक शोधायला नव्हे. त्याला चूक कुठं आहे ते ठाऊक होतं.

“तुम्हाला माहीत होतं?” मी हळूच विचारलं.

तो खोकला.

वहिनी दारात उभी होती, दोन्ही हातांत बाटल्या. तिनं फरशीवरचं नाणं बघितलं, मग पेला, मग माझ्या हातातला चमचा. “सांगितलं होतं ना मी,” ती म्हणाली, “पेला हलवू नका म्हणून सांगितलं होतं ना.” आणि ते तिनं भांड्यांना नाही, मला सांगितलं. तिचा आवाज असा झाला होता की मला तिच्या हातातल्या बाटल्यांचीच भीती वाटली. काल कडी लावलेल्या दारामागं ती त्याला काय शिकवत होती, हे आता मला कुणी सांगायची गरज नव्हती. एक दुपार. लेकीला कळू न देता तेवढी एक दुपार निभावून न्यायची होती तिला.

“मी हलवला, दादा,” मी म्हणाले. “ह्यांनी नाही. मी. मुद्दाम.”

“कळलं,” दादा म्हणाला. “तुझ्या बांगड्या वाजल्या. मला वाटलं चमच्याच्या हातातल्याच.”

पुतणी खाली वाकून नाणं उचलायला गेली आणि टेबलाखालीच थांबली. वर यायला तिला वेळ लागत होता. वहिनी घाईघाईनं म्हणाली, “उन्हामुळे होतं कधी कधी, काचेवर उजेड पडला की डोळ्यांवर तिरीप येते, चला, मी भरते, कुणाचा डाव?”

चकाकी म्हणाला, “माझा, माझा.” नवरा म्हणाला, “हो, ऊन फार आहे आज.”

दादानं दोन्ही तळवे टेबलावरच्या काचेवर ठेवले. एका बाजूनं सरकवत सरकवत तो कडेपर्यंत गेला, अंगठ्यानं कड चाचपली, काच जिथपर्यंत यायला हवी होती तिथपर्यंतचं अंतर बोटानं मोजल्यासारखं केलं. चार सूत. मग त्यानं तोंड माझ्या नवऱ्याच्या खोकल्याकडे वळवलं.

“भावोजी,” तो म्हणाला, “तुमची मापं सगळी बरोबर होती. उद्या माणूस येतोय तो मोजायला नाही, कापायला येतोय. मला दिसत नाही.”